तोंड दरीकडे, पाठ डोंगराकडे

माझ्या हार्ड डिस्कवर पाटण तालुक्याच्या आकाशातून काढलेल्या दोनशे चौदा क्लिप आहेत. त्यांतल्या एकीतही माझ्या मामांच्या वाडीमागचा डोंगर नाही.

हे मला २०२१ च्या ऑगस्टमध्ये कळलं. त्या वर्षी २२ जुलैला लागलेला पाऊस तुम्हाला आठवत असेल. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी आल्या. घाटाखाली महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं. मामांची वाडी वाचली. वाडीच्या वरच्या उताराला एक लांबलचक भेग पडली, आणि सगळी माणसं गुराढोरांसकट खालच्या गावातल्या शाळेत मुक्कामाला गेली. मी तेव्हा सांगलीत वर्क फ्रॉम होम करत होतो आणि तिथेच अडकलो होतो, कारण डोंगरावर पडलेलं तेच पाणी दोन दिवसांनी कृष्णेतून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

पाणी ओसरल्यावर वाडीत गेलो. मामा ड्रोनला भिंगरी म्हणतात. शाळेच्या व्हरांड्यात चहा हातात देत म्हणाले, “भाच्या, तुझ्या त्या भिंगरीत मागल्या सालचा फोटू आसंल की. ही भेग तवा हुती का न्हाय, तेवढं बघून सांग.”

प्रश्न साधा नव्हता. भेग त्या एका रात्रीत पडली असेल तर एक गोष्ट. ती आधीपासून हळूहळू रुंदावत असेल तर गोष्ट वेगळी, आणि जास्त भीतीची. पाहणीला आलेल्या साहेबांनीही हेच विचारलं होतं. मी तिथेच लॅपटॉप उघडला. धुकं, दरी, दरीतून वर येणारं धुकं, पवनचक्क्यांमागे मावळणारा सूर्य, पुन्हा दरी. वीस-पंचवीस माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. अर्ध्या तासाने मामीच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. त्यानं काय आमच्याकडं बघून काढल्यात व्हय?”

ज्या उताराला भेग पडली, त्याच उतारावर उभा राहून मी ड्रोन उडवत होतो. प्रत्येक वेळी. तोंड दरीकडे, पाठ डोंगराकडे.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०१९ ला डिग्री झाली, पुण्यात नोकरी लागली, २०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांसारखा लॅपटॉप घेऊन घरी आलो, आणि त्याच पावसाळ्यात एक सेकंडहँड, अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घेतला. तेव्हाचे नियमही मी धड वाचले नव्हते, हे कबूल करतो. माझ्यासारखी निदान पन्नास मुलं मला सातारा-सांगलीत ठाऊक आहेत. म्हणून हा आरोप माझ्यापासून सुरू होत असला तरी माझ्यापाशी थांबत नाही. आरोप असा: आपण आकाशातून ‘अनोखा निसर्ग’ म्हणून जे काढतो, वाटतो आणि स्पर्धांना पाठवतो, ते पाहणं नाही. ती जाहिरात आहे. आणि हे यंत्र ज्या एका बाबतीत खरोखर नवं आहे, तेवढंच सोडून आपण त्याच्याकडून बाकी सगळं करून घेतो.

नवं काय आहे? उंची नवी नाही. नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली बलूनमधून पॅरिसजवळचं गाव टिपलं. ते फोटो हरवले, पण १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅकने बलूनमधून काढलेला बोस्टन शहराचा फोटो आजही आहे. आपल्याकडे गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून किल्ले आणि दीपगृहं टिपली. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ने गडकोट आकाशातून घराघरांतल्या टेबलांवर आणले. ही माणसं हेलिकॉप्टरच्या घड्याळावर काम करत होती. ढग आले, इंधन संपत आलं, की मिळाला तो फोटो आणि परत. उद्या पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच कोनात येऊ, असं त्यांना म्हणता येत नव्हतं.

आम्हाला म्हणता येतं. माझं यंत्र आकाशातल्या एका बिंदूवर आज उभं राहिलं, तर सहा महिन्यांनी एखाद-दोन मीटरच्या फरकाने पुन्हा तिथेच उभं राहतं. खर्च म्हणजे बॅटरीचं चार्जिंग. छायाचित्रणाच्या इतिहासात साध्या माणसाला ही सोय प्रथमच मिळाली आहे: आकाशात परत परत त्याच ठिकाणी जाणं. आणि आपण काय करतो? एकदा जातो, रील टाकतो, पुढच्या शनिवारी दुसरीकडे.

*

सडावाघापूरचा उलटा धबधबा घ्या. पाटण तालुक्यातल्या या पठाराच्या कड्यावरून पाण्याची बारीक धार खाली पडते आणि दरीतून वर चढणारा पावसाळी वारा ती परत वर भिरकावतो. दृश्य खरोखर भन्नाट आहे. खोटं आहे ते त्याभोवतीचं. सूर्य कलता हवा, कॅमेरा तिरका हवा आणि चौकटीत माणूस असलाच तर एकच हवा, लाल किंवा पिवळ्या रेनकोटातला. मागची गाड्यांची रांग, चिखल, कणसाच्या शेगड्यांचा धूर, वेफर्सची पाकिटं, पवनचक्कीपर्यंत कापलेला रस्ता, रस्त्याखालची वस्ती हे सगळं चौकटीच्या बाहेर. ‘अनोखा निसर्ग’ सापडत नाही, तो कात्रीने कापून काढावा लागतो.

मग त्याचं बारसं होतं. कोयनेच्या शिवसागराला कुणी नॉर्वे म्हणतं. तापोळ्याला तर कधीचं ‘मिनी काश्मीर’ करून टाकलंय. आपल्या डोंगराला आपलं नाव पुरत नाही. त्या निळ्या पाण्याखाली धरणात गेलेली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या खुणा वर येतात. कोयनेचे धरणग्रस्त दोन-तीन पिढ्या पुनर्वसनाच्या कागदांमागे फिरतायत. मे महिन्यात वरून सरळ खाली कॅमेरा रोखला तर जुन्या शेतांचे बांध रेषेसारखे दिसतात. हा फोटो अनोखा नाही का? आहे. पण मे महिन्यात पाण्याचा काठ तपकिरी दिसतो, म्हणून तो कुणी टाकत नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र भूगोलाचा आहे. आपले सडे म्हणजे वर जांभा आणि खाली काळा पाषाण. पठारावर पडलेल्या पावसाचं काही पाणी कड्यावरून धबधब्याने जातं. उरलेलं जांभ्याच्या भेगांतून आत मुरतं, खाली चिकण थराशी अडतं आणि उताराच्या कुशीतून झरे होऊन बाहेर येतं. उतारावरच्या सैल मातीत ते साठत गेलं की तिचं वजन वाढतं, धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि एका रात्री ती सुटते. म्हणजे रीलमधलं पाणी आणि दरडीतलं पाणी एकच. ज्या दिवशी धबधबा सगळ्यात देखणा, त्या दिवशी उतारही सगळ्यात जड. एकाचे लाखभर फोटो आहेत, दुसऱ्याचा एक नाही. याला मी योगायोग म्हणणार नाही.

*

कासबद्दल बोलणं भाग आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं. त्यांतली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिली दोन साताऱ्याची, तिसरं सातारा-सांगलीच्या हद्दींतही पसरलेलं. असा ठेवा दाराशी असणाऱ्या जिल्ह्यांनी त्याकडे कसं पाहावं, याचा वस्तुपाठ घालून द्यायला हवा होता. आपण काय दिलं? ‘फुलांचा गालिचा’.

ड्रोनने पाहावं अशी जागा म्हणजे कास नव्हेच. सीतेची आसवं हे फूल करंगळीच्या नखाएवढं. दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती तर गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. त्याचा दुभंगलेला तुरा पठारावरच्या उथळ पाण्यात उभा असतो आणि तो बघायला वाकावंच लागतं. कासची साडेआठशे जातींची श्रीमंती ही गुडघ्याखालची श्रीमंती आहे. १२० मीटरवरून तिचा एक गुलाबी डाग होतो, आणि एडिटिंगमध्ये रंगाची पट्टी पुढे सरकवली की डागाचा गालिचा होतो.

गालिचा दाखवला की गालिचा मागायला लोक येतात. रंगाचे बहर काही दिवसांचे. तेरडा, सोनकी, गेंद आपापल्या पाळीने येतात, टोपली कारवी तर सात वर्षांनी. शनिवारी पुण्याहून आलेल्या कुटुंबाला समोर चार इंचांचं गवत दिसतं. “व्हिडिओत तर केवढं होतं!” मग गालिचा शोधायला पायवाट सोडली जाते. जांभ्यावरची माती काही बोटांची. तिच्यावर शंभर बुटं पडली की पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? वनखात्याने तिकीट लावलं, कुंपण घातलं. मग कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं आणि फुलं कमी झाली, असा आक्षेप आला. हे वाद अभ्यासकांनी घालावेत. मी एवढंच म्हणतो की खोटं आश्वासन आकाशातून गेलं होतं.

हे फक्त इथलंच नाही. आइसलंडमधली एक शेवाळ्याने हिरवीगार घळ २०१५ साली जस्टिन बीबरच्या गाण्याच्या व्हिडिओत दिसली. माणसांची रीघ लागली, शेवाळं तुडवलं गेलं, आणि २०१९ साली ती घळ काही महिने बंद ठेवावी लागली. आइसलंडकडे निदान घळ बंद करायला माणसं होती.

माझा स्वतःचा गुन्हा याच जातीचा आहे. २०२२ च्या सप्टेंबरात मी एका अपरिचित सड्याची एक मिनिटाची क्लिप टाकली आणि ठिकाणाची पिनही दिली. (त्या सड्याचं नाव इथेही लिहीत नाही, एकदा लिहिलं ते पुरे.) क्लिप चार लाख वेळा पाहिली गेली आणि मी आठवडाभर हवेत होतो. पुढच्या पावसाळ्यात परत गेलो तेव्हा वरून दोन समांतर रेषा दिसल्या. वायतुऱ्याच्या डबक्यांमधून कुणीतरी चारचाकी नेली होती. परवा, तिसऱ्या वर्षी, त्याच बिंदूवर ड्रोन उभा केला. रेषा तशाच आहेत. त्या एका जोडीच्या बाबतीत माझ्याकडे सलग तीन वर्षांची नोंद आहे. निसर्गशास्त्राला माझं योगदान म्हणजे मीच पाडायला लावलेले टायरचे वळ.

*

यावर दोन बाजूंनी हल्ला होतो, आणि दोन्ही बाजू ओळखीच्या आहेत.

पहिली बाजू म्हणते: मग ड्रोन बंदच करा. निसर्ग पायी पाहावा, वरून पाहणं हा माज आहे. अमेरिकेने २०१४ सालीच राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन बंद केले, आपणही करावे. अभयारण्यात, कड्यांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांजवळ, परवानगीशिवाय कासवर बंदी असावी, याला माझी पूर्ण संमती आहे. पण सरसकट बंदीचा अर्थ नीट समजून घ्या. वरून पाहणं त्याने थांबत नाही. फक्त आपलं थांबतं. स्वामित्व योजनेत २०२० पासून सरकारी ड्रोन गावठाणं मोजतायत. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाचा आराखडा सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांवर बेतला गेला, आणि आराखडे वरूनच आखले जातात. कुणाच्या शेतावरून रस्ता जाईल, कुठे हॉटेल बसेल हे ठरवणाऱ्याकडे आकाशातलं चित्र असणारच. हरकत घ्यायला उभ्या राहणाऱ्या गावकऱ्याकडे ते का नसावं? २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंतचं आकाश लहान यंत्रांना मोकळं केलं आहे. हा हक्क आपण सूर्यास्तावर उधळतोय.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे, कारण ती माझ्या घरातली आहे. माझ्या मामेभावाची पठारावर भजी-कणसाची टपरी आहे. हा मजकूर मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “तुमच्या रीलमुळं चार म्हैनं पोट भरतंय दादा. नाय तर मी पन्वेलला कंपनीत असतो. तुला पुण्यात बसून लिव्हायला काय जातंय?” याला झटक्यात देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. डोंगरी वाड्यांतून मुंबईला जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची रांग एका धबधब्याने थोडी आखूड केली असेल, तर ते मोठंच काम आहे. पर्यटन नकोच असं सांगण्याचा अधिकार मला नाही.

पण मी त्याला उलट विचारलं: तुझी टपरी धबधब्याजवळ, तुझं घर भेगेखाली. तुझ्या पोटाचे फोटो लाखभर आहेत, तुझ्या घराचा एक तरी आहे का? त्याने उत्तर दिलं नाही, पण नंतरच्या उड्डाणाला बॅटऱ्यांची पिशवी त्यानेच उचलली.

*

पठारावरून खाली, आमच्या सांगलीत या. इथला निसर्ग कुणी अनोखा म्हणत नाही. ऊस, मळी, नदीचं वळण, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (इशारा ४० ला, धोका ४५ ला) आणि सांगली अचानक आकाशातून बघण्याजोगी झाली. छपरांची बेटं, मधोमध गढूळ समुद्र. तो फोटो तुम्ही पाहिलाय. देशभर गेला. मीही पुण्यात बसून तो शंभरदा पाहिला आणि त्यात आमचं छप्पर शोधलं.

सहा वर्षांनी विचारतो: त्या फोटोचा सांगलीला काय उपयोग झाला? पूर सर्वोच्च पातळीला असताना काढलेला फोटो सांगतो की सगळं बुडालं. ते बुडालेल्यांना ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते असं की ३० फुटांना पाणी कुठल्या बोळात शिरतं, ३५ ला कुठल्या चौकात, ४० ला कुठला रस्ता तुटतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात पाणी इशाऱ्याची पातळी येण्याआधीच दारात असतं. श्यामरावनगर नदीपासून दूर असूनही सखल आहे, तिथलं पाणी महिनाभर हलत नाही. हे तिथल्या माणसांना तोंडपाठ आहे, पण कागदावर नाही. दर पाच फुटांना, त्याच बिंदूवरून, सरळ खाली रोखलेला एकेक फोटो, चढताना आणि उतरताना. एवढी मालिका जर असती, तर निळ्या आणि लाल पूररेषेवर भांडताना आमच्या गल्लीच्या हातात बिल्डरच्या नकाशाइतकंच वजनदार काही असतं. (बचावाची हेलिकॉप्टरं आणि बोटी फिरत असताना ड्रोन उडवू नये, पण ३० आणि ३५ फुटांना कोण फिरत असतं? कुणीच नाही. तेव्हा बातमी नसते.)

नदी फुटाफुटाने चढते, डोंगर बोटाबोटाने सरकतो, आणि आपण दोघांनाही त्यांच्या सगळ्यात थरारक क्षणी फक्त एकदा भेटतो. माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं, तेव्हा जगाला खबर कुणी दिली? सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरने. गाव होतं त्या जागी त्याला गाव दिसलं नाही. तो रोज त्याच रस्त्याने यायचा, म्हणून त्याला फरक कळला. उपग्रह त्यानंतर उपयोगी आले. मला त्या ड्रायव्हरची नजर हवी आहे.

आणि असं काम कंटाळवाणंच असतं, असंही नाही. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला नंबर काढला, तेव्हापासून माण-खटावच्या उघड्या टेकड्यांवर समतल चर दिसू लागले. वरून बघा: फणी फिरवलेल्या केसांसारखे. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की अंगावर काटा येतो. तो काटा तुलनेचा असतो, रंगाचा नसतो.

*

आता आम्ही काय केलं ते सांगतो. फार काही नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून आम्ही चौघं वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरात, वाडीमागच्या उताराचे फोटो काढतो. कॅमेरा सरळ खाली. उंची ठरलेली. प्रत्येक फोटोचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शेजारच्या फोटोवर चढलेला, म्हणजे ओपनड्रोनमॅप हे फुकट सॉफ्टवेअर ते सगळे शिवून एक सलग नकाशा आणि उताराची उंचसखल प्रतिकृती बनवतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट आहेत, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा आणि पावसाळ्यात वर ढग. आमचा ठिपका चार-पाच सेंटिमीटरचा. त्यात म्हैस म्हशीसारखी दिसते.

मर्यादाही सांगतो, नाहीतर हीदेखील जाहिरात होईल. झाडीखालचं काही दिसत नाही. गवत वाढलं की जमीन फुगल्यासारखी वाटते. आणि भेग रुंदावते का, याचं सगळ्यात चोख उत्तर माझ्याकडे नसून मामांकडे आहे. त्यांनी भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून सुतळी बांधली आहे आणि दर अमावस्येला वितीने मोजतात. ड्रोनने दाखवलं ते वेगळंच: भेगेच्या बऱ्याच खाली, जिथे कुणाचं लक्ष नव्हतं, तिथला शेताचा ताल पहिल्या नकाशात सरळ होता, आता त्याला पोट आलंय. डोंगर वरून फाटतो तेव्हा खालून फुगतो. जवळून चालणाऱ्याला ताल ढासळलेला दिसतो, तो दोन दगड लावून पुढे जातो. वरून, आणि चार वर्षांच्या अंतराने पाहिलं, तरच तो फुगवटा दिसतो.

यामुळे दरड थांबत नाही. पुनर्वसनाचा अर्ज या नकाशांसह एका कचेरीत आहे आणि अजून तिथेच आहे. पण मागच्या दोन पावसाळ्यांत पोटाखालच्या पाच घरांनी पाऊस लागायच्या आधीच शाळेकडचा रस्ता धरला, कुणी नोटीस काढायची वाट न बघता. एवढंच हाती लागलंय. मला ते चार लाख व्ह्यूजपेक्षा जड वाटतं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. आकाशातून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने फोटोखाली तारीख, उंची आणि दिशा लिहावी. नाजूक जागेची पिन देऊ नये. दर दहा देखण्या फोटोंमागे एक बिनदेखणा, सरळ खाली रोखलेला काढावा, आणि पुढच्या वर्षी त्याच बिंदूवर परत जावं. छायाचित्रांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक बक्षीस जोडीच्या फोटोला ठेवावं: तीच जागा, मध्ये निदान एक वर्ष. आणि दरीचा फोटो झाला की परतण्याआधी ड्रोन जागच्या जागी अर्धा गिरका फिरवावा. त्याला चार सेकंद लागतात. तेवढी बॅटरी असते.

या मे महिन्यात नवा नकाशा लॅपटॉपवर मामांना दाखवला. ताल दाखवला, पोट दाखवलं, रंगीत पट्ट्या समजावल्या. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनवर बोट ठेवून आधी आपलं घर शोधलं, मग गोठा, मग खुंट्यांची जागा. बराच वेळ बघत राहिले. मग तालाच्या कडेला बोट थांबलं.

“ही म्हस कुणाची रं? माज्या गवतात?”

मोठं करून पाहिलं. चुलत्याची होती. नोव्हेंबरच्या नकाशातही तिथेच होती.